पिवळ्या टोकांचं निदान

माझ्या बहिणीचा नवरा ऑर्टविन आयुष्यभर वजनमापं तपासण्याच्या सरकारी खात्यात होता. बाजारात शतावरीचे पांढरे कोंब विकायला बसलेल्या बायका त्याला लांबून येताना पाहिलं, की आपापले काटे एप्रनने पुसायला लागत. तो निवृत्त झाला तेव्हा आमच्या जर्मनीतल्या नीनबुर्ग गावातले सगळे काटे सुटले आणि माझी बहीण हायड्रुन सापडली. ती केकसाठी पीठ अंदाजाने घेते, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याला माहीत नव्हतं. कळल्यावर तो दोन दिवस गप्प होता.

मी त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते आणि लोकांना गाडी चालवायला शिकवते. समोरचा माणूस डोळ्यांदेखत चुका करत असताना तोंड मिटून शेजारी बसायचं आणि अगदीच जिवावर बेतलं तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे या प्रकरणात मी बऱ्यापैकी शांत राहू शकले.

हायड्रुनची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली आहेत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळ्यांनी पोट बिघडलं, पोटासाठी वेगळ्या गोळ्या दिल्या, त्यांनी झोप उडाली. झोपेच्या गोळ्यांपाशी तिने हात जोडले. तेवढ्यात सरकारने कायदा केला, की सज्ञान माणसाने घरात गांज्याची तीन झाडं लावायला हरकत नाही. हायड्रुनबरोबर पोहायला येणाऱ्या एका बाईने सांगितलं, की संध्याकाळी त्यातलं थोडंसं पोटात गेलं की लहान मुलासारखी झोप लागते. हायड्रुनने हे जेवणाच्या टेबलावर ऑर्टविनला सांगितलं, जरा मीठ दे म्हणावं इतक्या सहज.

हे ज्या घरात बोललं गेलं, त्या घरात गांज्याचं एक झाड पूर्वी होऊन गेलं होतं. त्यांचा मुलगा हेनिंग शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याने बागेतल्या अवजारांच्या खोपटामागे ते लावलं होतं. ऑर्टविनला ते सापडलं. त्याने ते मुळासकट उपटलं, बागकामाच्या कात्रीने सारख्या लांबीचे तुकडे केले आणि खताच्या खड्ड्यात टाकले. मग हात धुऊन घरात आला आणि मुलाला म्हणाला, की या घरात कायदा पाळणारी माणसं राहतात. हेनिंगने बॅग भरली. स्टेशनवर मीच त्याला सोडलं. तेव्हापासून तो ब्रेमनला असतो, ट्रामची वेळापत्रकं बनवतो आणि नाताळला व आईच्या वाढदिवसाला येतो. बाप-लेकांचं बोलणं ठरलेलं असतं. बाप विचारतो, रस्ता कसा होता. मुलगा सांगतो, मोकळा होता. एका वर्षी रस्त्यावर बर्फ होतं, तेव्हा ते जवळजवळ पाच मिनिटं बोलले.

तर हायड्रुनचं बोलणं ऐकून ऑर्टविन आता उठून जाईल, असं मला वाटलं होतं. तो उठला, पण कायदा छापून आणायला. त्याने तो सगळा वाचला, परिशिष्टांसकट. ऑर्टविनचं सगळं चारित्र्य दोन वाक्यांवर उभं आहे: कायद्याने चालतं ते चांगलं आणि चालत नाही ते वाईट. कायदाच बदलल्यावर त्यालाही बदलणं भाग होतं, आणि ते त्याने जराही कुरकुर न करता केलं. माणसाची तत्त्वं पक्की असली की हे असं सोपं जातं.

झाडं ठेवायला घरात एकच रिकामी खोली होती, हेनिंगची. तिथे काळ्या कापडाचा एक उभा तंबू आला, त्यात दिवा आला, पंखा आला, उष्णता आणि दमटपणा मोजायची यंत्रं आली. मुलांचा हात पोहोचता कामा नये असं कायद्यात होतं, म्हणून दाराला कुलूप आलं. घरातलं सगळ्यात लहान मूल म्हणजे मी, आणि माझे गुडघे बदलायला झालेत.

बिया ऑर्टविनने आपोआप फुलणाऱ्या जातीच्या मागवल्या. बाकीच्या जातींना फुलायला लावायचं तर दिव्याचे तास कमी करून त्यांना दिवस लहान झाल्याचं भासवावं लागतं. या जातीला तसलं काही लागत नाही. वय झालं की ती फुलते, मग अंगाने भरलेली असो नाहीतर काडीसारखी असो. असं वेळेवर काम करणारं झाड ऑर्टविनला फारच पसंत पडलं. त्यातली मेख मात्र त्याच्या ध्यानात आली नाही. जे झाड दिवस लहान व्हायची वाट पाहत नाही, ते आपण चुका सुधारायचीही वाट पाहत नाही.

सुरुवात छान झाली. तिन्ही रोपं वर आली, पानांना पाच-पाच बोटं फुटली, आणि हायड्रुन त्यांना रोज सकाळी नावाने हाक मारायला लागली. नावं ऑर्टविनसमोर घ्यायची नाहीत असं ठरलं होतं. मग एके दिवशी पानांची टोकं पिवळी झाली. अगदी टोकंच, नखाला हळद लागावी तेवढी. दोन-चार दिवसांत टोक करपून तांबूस व्हायचं आणि पिवळेपणा थोडा खाली सरकायचा.

ऑर्टविन भिंग घेऊन बसला. पिवळं पान म्हणजे नत्र कमी, एवढं त्याला शाळेपासून माहीत होतं. खताच्या बाटलीवर लिहिलेलं प्रमाण तो पहिल्यापासून थेंबाथेंबाने मोजून घालत होता. ते प्रमाण खत विकणाऱ्यानेच छापलेलं आहे, आणि जास्त खत खपलं तर त्याला काही रडू येणार नाही, असं मी सुचवून पाहिलं. ऑर्टविन म्हणाला, की छापील माप चुकीचं असतं तर त्यावर कारवाई झाली असती. त्याने खत वाढवलं. टोकं आणखी पिवळी झाली. म्हणजे झाडांची भूक आपल्याला वाटली त्याहून मोठी आहे, असा अर्थ त्याने काढला.

मग तो इंटरनेटवर एका मंडळात शिरला. तिथे सगळे टोपणनावाने बोलतात आणि कोणी कोणाला ओळखत नाही, त्यामुळे सल्ला देताना कोणाचा हात आखडत नाही. ऑर्टविनने पानांचे फोटो टाकले, शेजारी फूटपट्टी ठेवून. एकाने सांगितलं मॅग्नेशियम कमी आहे. दुसऱ्याने सांगितलं दिवा फार जवळ आहे. तिसरा म्हणाला पाण्याचा सामू, म्हणजे आंबटपणा, बिघडलाय, चौथा म्हणाला मुळं गुदमरली आहेत, आणि पाचव्याने फोटो न पाहताच सगळं उपटून नव्याने लावायला सांगितलं. उपटण्याचा अनुभव ऑर्टविनला होता, पण या वेळी त्याला ते पटलं नाही. त्याने दिवा वर घेतला. रोपं उंच आणि बारीक व्हायला लागली. त्याने दिवा खाली घेतला. त्याने पाण्यात लिंबाचा रस टाकला, मग तो जास्त झाला म्हणून खाण्याचा सोडा टाकला. मॅग्नेशियमसाठी त्याने औषधाच्या दुकानातून जुलाबाचं मीठ आणलं. दुकानातल्या मुलीने कोणाला त्रास होतोय असं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, तिघांना.

आमच्या शेजारी हेर कुलमान राहतात; हेर म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत. आमची घरं इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून आहेत आणि अजून आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो. आमच्याकडे सलोखा म्हणतात तो हाच. कुलमान हे गावाबाहेरच्या बागवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष आहेत आणि त्यांच्या कांद्याच्या पातीला बक्षिसं मिळालेली आहेत. कायदा आला त्याच आठवड्यात त्यांनी संघाच्या फाटकावर सूचना लावली, की कायदा काहीही म्हणो, इथल्या वाफ्यांत ती वनस्पती दिसता कामा नये. आता ऑर्टविनने त्यांना घरी बोलावलं तेव्हा ते आधी नाहीच म्हणाले. मग म्हणाले, नुसतं बघायला हरकत नाही. तंबूत डोकं घातलं आणि बराच वेळ ते बाहेरच काढेनात. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. आपण या प्रकाराच्या विरोधात आहोत, पण झाडाचे असे हाल बघवत नाहीत, असं ते म्हणाले. नत्र कमी असल्याचं निदान त्यांनीही केलं. ऑर्टविनने त्यांना मागच्या दाराची आणि खोलीची जास्तीची किल्ली देऊन ठेवली. आपण पोहायला किंवा डॉक्टरकडे गेलो, तर अधूनमधून कोणीतरी जाणकाराने नजर टाकावी म्हणून. मी वरच्या मजल्यावर राहते ही गोष्ट त्या वेळी कोणाला आठवली नाही.

याच सुमाराला घरात दुर्गंधी सुटली. उकिरड्याजवळून जाताना येतो तसा, नाकात बसणारा वास. ऑर्टविन म्हणाला, गांज्याला वास असतोच, कायद्यातही शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका असं म्हटलंय. त्याने कोळशाचा गाळणी-पंखा बसवला. हायड्रुनने खिडकीत लॅव्हेंडर ठेवलं. मी वर माझ्या खोलीत गांज्याबद्दल लोक इतकं भरभरून का बोलतात याचं नवल करत बसले.

शेवटी हायड्रुनने हेनिंगला फोन केला. ऑर्टविनला न सांगता. झाडं आजारी आहेत, तू येऊन बघ, तुला यातलं कळतं, असं ती म्हणाली.  त्याने फक्त विचारलं, कुठली झाडं? तिने सांगितलं.  मग त्याने विचारलं, कुठे ठेवली आहेत? तेही तिने सांगितलं.

तो रविवारी आला. नाताळ नाही, वाढदिवस नाही, त्यामुळे दार उघडताना ऑर्टविन गोंधळला. रस्ता कसा होता, त्याने विचारलं. हेनिंग म्हणाला, की तो रेल्वेने आलाय. मग दोघंही पायपुसण्याकडे बघत राहिले. हायड्रुनने स्वयंपाकघरातून सांगून टाकलं, की मी बोलावलंय, झाडं बघायला.

ऑर्टविनचे कान लाल झाले. पण झाडांची टोकं त्याच्या स्वाभिमानापेक्षा वेगाने खाली सरकत होती. त्याने घसा साफ केला.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "तुला यातला अनुभव आहे."

"बाबा, माझ्याकडे एकच झाड होतं," हेनिंग म्हणाला. "तुला सापडेपर्यंत ते होतं. त्याच्यापुढे काय होतं ते मला माहीत नाही."

 ऑर्टविनने खिशातून किल्ली काढली आणि मुलाला त्याच्या स्वतःच्या खोलीचं कुलूप उघडून दिलं.

हेनिंग तंबूसमोर उभा राहिला. आधी झाडांकडे न बघता त्याने नाक वर करून वास घेतला. हा गांज्याचा वास नाही, तो म्हणाला. ऑर्टविनने विचारलं, तुला काय माहीत. हेनिंग म्हणाला, झाडं वाढवायचा अनुभव मला नाही, वासाचा आहे. मग त्याने पानं उलटसुलट करून पाहिली, सगळ्यात खालची पानं विशेष निरखली आणि विचार करतो म्हणाला. जेवायला शतावरी होती, बटाटे होते, हॅम होतं. टेबलावर शतावरीबद्दल बोलणं झालं. यंदा ती उशिरा आली यावर सर्वांचं एकमत झालं. एकमत झाल्यावर बोलायला काही उरलं नाही.

जेवण होताच हेनिंग झाडं बघतो म्हणून खोलीत गेला. खरं तर तो टेबलावरून पळाला होता. मी कॉफी आणि रूबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन त्याच्यामागे गेले. त्याचा जुना पलंग अजून भिंतीला होता. तंबू त्याच्यापुढे अशा तऱ्हेने उभा, की दारातून पलंग दिसायचा नाही. आम्ही दोघं त्यावर बसून केक खात होतो. ही खोली लहान वाटते, तो म्हणाला. मी म्हटलं, भाडेकरू आले की वाटते.

तेवढ्यात दार हळूच उघडलं. हायड्रुन आत आली; आम्ही एव्हाना बागेत गेलो असू असं तिला वाटलं असावं. तिच्या हातात बटाटे उकडलेल्या पाण्याचं पातेलं होतं. तंबूची चेन उघडून ती झाडांशी बोलायला लागली, की घ्या ग बायांनो, त्या बाटलीतल्या औषधावर कोणाचं पोट भरतं का. तिन्ही कुंड्यांत तिने पाणी ओतलं, वर खिशातून चुरलेली अंड्याची टरफलं आणि सकाळच्या कॉफीचा चोथा पसरला, मातीने झाकला आणि गेली. हेनिंगने माझ्याकडे पाहिलं. मी केक खात राहिले. मी याबद्दल जराही ऐकलेलं नव्हतं, आणि काही बोलायच्या आधी मला तोंडातला घास संपवायचा होता.

थोड्या वेळाने किल्लीचा आवाज झाला. दार उघडंच आहे हे पाहून आलेला माणूस क्षणभर थबकला, मग आत आला. हेर कुलमान होते, मोजे घालून, बूट बाहेर काढून. हातात झाकणाचा डबा. त्यांनी झाकण काढलं आणि घरभर पसरलेल्या त्या वासाचं उगमस्थान आम्हाला कळलं. अंगाला लागली की आग होते त्या खाजऱ्या झुडपाची पानं पिंपात आठवडेच्या आठवडे कुजवून केलेलं पाणी. कांद्याच्या पातीला बक्षीस मिळवून देणारं ते हेच. कुलमानांनी प्रत्येक कुंडीत एकेक पेला घातला, उरलेलं थोडं सगळ्यात आजारी झाडाला जास्तीचं घातलं, आणि संघाचे अध्यक्ष ज्या पावलांनी आले त्याच पावलांनी गेले.

"मावशी," हेनिंग हळू आवाजात म्हणाला, "आता बाबा येणार."

आणि आलाच. काचेचं मोजनळकांडं, खताची बाटली, जुलाबाचं मीठ, सगळं ट्रेमध्ये व्यवस्थित मांडून. त्याने नळकांडं डोळ्यांच्या पातळीवर धरून खत मोजलं, थेंब जास्त पडला तो परत बाटलीत घातला. मग तंबूत वाकला आणि तिथेच थांबला. माती ओली होती. त्याने बोट घालून पाहिलं, बोटाचा वास घेतला, बोटाला लागलेला अंड्याच्या टरफलाचा तुकडा भिंगाखाली धरला.

"घरातले दोघं येऊन गेले," हेनिंग तंबूमागून म्हणाला. "एक बाहेरचे."

ऑर्टविन दचकला नाही. सरकारी माणूस. त्याने ट्रे खाली ठेवला आणि म्हणाला, दोघं कोण. मी सांगितलं, की हेनिंग तुझ्यासकट मोजतोय.

मग सगळ्यांना बोलावलं. कुलमान पुन्हा आले, या वेळी बूट घालून, पुढच्या दाराने. कोण काय घालत होतं ते एकेक करून बाहेर पडलं. हायड्रुनचं रोजचं होतं. कुलमानांचं एक दिवसाआड होतं, पण टोकं पिवळी व्हायला लागल्यापासून तेही रोज. प्रत्येकाला वाटत होतं, की बाकीचे झाडांना उपाशी मारतायत. हायड्रुन म्हणाली, की ऑर्टविन औषधासारखं थेंब मोजतो, त्याने कुठे जीव वाढतो. कुलमान म्हणाले, की बाटलीतलं खत म्हणजे खत नव्हेच. ऑर्टविन कोणाचंही नाव न घेता म्हणाला, की मोजमापाशिवाय दिलेली गोष्ट ही दिलेली धरता येत नाही. पण त्या तिन्ही झाडांनी ती धरली होती.

हेनिंगने मग पानं दाखवली. झाड उपाशी असतं तर आधी खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी पडली असती, कारण झाड त्यांच्यातलं काढून वरच्यांना देतं. इथे खालची पानं गर्द हिरवी आहेत, काळपट म्हणावी इतकी. मॅग्नेशियम कमी असतं तर शिरांच्या मधली जागा पिवळी झाली असती, शिरा हिरव्या राहून. दिव्याने करपली असती तर वरचीच करपली असती. इथे वरपासून खालपर्यंत फक्त टोकं गेली आहेत, आणि पानं पक्ष्याच्या नखांसारखी खाली वळली आहेत. झाडाला पेलवत नाही इतकं मिळालं की जास्तीचं सगळं टोकाशी जाऊन साठतं आणि टोक जळतं.

"हे अजीर्ण आहे," तो म्हणाला.

कुलमानांनी विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात. हेनिंग म्हणाला, सकाळी येताना, रेल्वेत, फोनवर. गाडी फेर्डनला बराच वेळ थांबली होती.

उपाय साधा होता. साधं पाणी भरपूर ओतून मातीतलं सगळं धुऊन काढायचं आणि मग काही दिवस कोणी काहीही करायचं नाही. पहिला भाग सगळ्यांना पटला. दुसऱ्या भागाला हायड्रुनने विरोध केला, कुलमानांनी विरोध केला, आणि ऑर्टविनने काहीही न करण्याचं प्रमाण किती, असं विचारलं.

कुंड्या न्हाणीघरात नेऊन टबात ठेवायच्या ठरल्या. बाप-लेकांनी त्या उचलल्या. मी टॉवेल घेऊन दारात उभी राहिले; कोणीतरी लागतंच. ऑर्टविन टबाच्या काठावर बसून हाताने फवारा धरत होता आणि हेनिंग गुडघ्यांवर बसून कुंड्या फिरवत होता. खालून चहासारखं तपकिरी पाणी येत राहिलं. वास असा, की दोघांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्या पाण्याबद्दल एकानेही दुसऱ्याला काही विचारलं नाही.

बऱ्याच वेळाने ऑर्टविन म्हणाला, "ते खोपटामागचं झाड."

हेनिंग कुंडी फिरवायचा थांबला.

"हिरवं होतं ते. एकही टोक पिवळं नव्हतं. काय घालायचास तू त्याला?"

"काही नाही. पाणी. तेही विसरायचो."

ऑर्टविनने फवारा दुसऱ्या कुंडीवर धरला. "मुळंही चांगली होती," तो म्हणाला. "पांढरी. उपटलं तेव्हा बघितली मी." मग थोडं थांबून, "इतकी चांगली मुळं मी नंतर कुठल्याच झाडाची बघितली नाहीत. बघायला जायचो मी अधूनमधून, दुसऱ्यांच्या बागांत."

ऑर्टविन ज्या घराण्यात वाढला तिथे यापेक्षा लांब माफी कोणी मागितल्याचं ऐकिवात नाही. हेनिंगला ते माहीत होतं.  बापाच्या भिजलेल्या बाह्या त्याने कोपरापर्यंत वर दुमडून दिल्या, आधी एक, मग दुसरी. ऑर्टविनने हात पुढे धरून ठेवले, न्हाव्याकडे मान द्यावी तसे. मी टॉवेल तिथेच ठेवून वर गेले.

पुढचे दिवस सगळ्यांना कठीण गेले. झाडांना काही न घालणं हे त्यांना काही घालण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं निघालं. हायड्रुन बटाट्याचं पाणी सिंकमध्ये ओतताना दर वेळी उसासा सोडायची. कुलमान किल्ली परत करून गेले आणि मग दिवसातून दोनदा काहीतरी उसनं मागायला यायला लागले. ऑर्टविन नुसतं बघायचं काम करत होता, पण ते ठरलेल्या वेळी करत होता. जळालेली टोकं काही हिरवी झाली नाहीत. ती तशीच राहतात असं हेनिंगने सांगून ठेवलं होतं. नवी पानं मात्र टोकापर्यंत स्वच्छ आली. एक झाड, कुलमानांनी जास्तीचा पेला घातलेलं, मान टाकून गेलं. त्याला बागेत पुरलं. हायड्रुनने त्याचं नाव घेतलं, आणि ऑर्टविनने ते ऐकूनही हरकत घेतली नाही.

उरलेली दोन, ठरल्या वेळी, आपण अजून गुडघ्याएवढीच आहोत याची पर्वा न करता फुलली. हेनिंग आता दर दुसऱ्या रविवारी यायला लागला. झाडं बघायला, असं म्हणे. आल्या आल्या तो आणि ऑर्टविन दिवा किती उंचीवर हवा यावरून भांडायला लागत. हेनिंग वेळापत्रकाच्या माणसासारखा भांडे, ऑर्टविन वजनमापांच्या माणसासारखा. दोघंही आपापली आकडेवारी घेऊन यायचे आणि दोघंही एकाच सुरात बोलायचे. हे त्या दोघांना सोडून घरात सगळ्यांना ऐकू येत होतं. एकदा भांडण इतकं लांबलं, की हेनिंगची शेवटची गाडी चुकली आणि त्याला त्याच्या जुन्या पलंगावर, तंबूमागे झोपावं लागलं. दिव्याच्या उजेडाने झोप आली नाही अशी त्याने सकाळी तक्रार केली. ऑर्टविन म्हणाला, तरी मी सांगत होतो, दिवा खाली आहे.

पीक निघालं ते ओंजळभर. ऑर्टविनने ते वाळवलं, काचेच्या बरणीत घातलं आणि बरणीला चिठ्ठी लावली. हायड्रुनने त्यातलं थोडं लोण्यात मंद आचेवर परतलं आणि बिस्किटं केली, पीठ अंदाजाने घेऊन. ऑर्टविन तेवढ्यापुरता बागेत गेला. कुलमानांनी आपला विरोध कायम असल्याचं सांगून, अभ्यासासाठी म्हणून, एक बिस्किट कागदात बांधून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्टविन माझ्या दाराशी आला. केस विंचरलेले नव्हते. मी त्याला असं आजवर पाहिलेलं नव्हतं. हायड्रुन उठत नाही, तो म्हणाला. रोज पहाटेपासून बोटं चोळत बसणारी बाई, आणि आता ऊन पार पलंगावर आलंय. श्वास चालू आहे, मी मोजला. मी गाऊनवरच खाली गेले.

ती कुशीवर झोपली होती, तोंड थोडं उघडं, वाकडी बोटं गालाखाली. आम्ही पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. ऑर्टविनने तिच्या खांद्याला हात लावला, मागे घेतला, पुन्हा लावला. तिने डोळे उघडले. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

कोणी नाही, मी म्हटलं. ऑर्टविनने विचारलं, हात कसे आहेत. तिने बोटं उघडून-मिटून पाहिली. दुखतायत तशीच, ती म्हणाली, पण मला झोपेत कळलं नाही. मग तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि एक अंडं उकडून दे म्हणाली, फार घट्ट नको. ऑर्टविन अंडं उकडायला गेला. श्वास मोजायला घेतलेलं घड्याळ इथेच पलंगाशी विसरून गेला होता. ते घ्यायला काही तो परत आला नाही.